मशरू : ताणा रेशमाचा, बाणा सुताचा

माझी भाची फॅशन डिझाइनच्या पहिल्या वर्षाला आहे. गेल्या बकरी ईदला घरी आली तेव्हा तिच्या बॅगेत वर्गात वाटलेला एक कागद होता. त्यावर दोन याद्या. पहिली ‘डिझाइनचे घटक’ : रेषा, आकार, रंग, पोत. दुसरी ‘डिझाइनची तत्त्वे’ : प्रमाण, समतोल, लय, ठळकपणा, एकसंधता. घरातलं एखादं जुनं कापड घ्यायचं आणि त्यात या याद्यांतल्या जितक्या गोष्टी सापडतील तितक्या दाखवायच्या, असा तिचा प्रकल्प होता.

अम्मीने लोखंडी पेटी उघडली. कडुलिंबाच्या सुक्या पानांखालून, जुन्या ओढणीत गुंडाळलेला एक हातभर तुकडा निघाला. दादीच्या जहेजातल्या चुडीदार पायजम्याचा. बाकीचा पायजमा कधीच एका रजईच्या खोळीत गेला, हा तेवढा उरला. किरमिजी, हिरवे आणि पिवळे उभे पट्टे, मधूनच बारीक पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. साठ-सत्तर वर्षांनंतरही त्याच्यावर उजेड पडला की पाण्यासारखी चमक हलत होती. “मशरू है, जरा आहिस्ता,” अम्मी म्हणाली.

भाचीने तो तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि मग जे विचारलं ते माझ्या डोक्यातून पुढचे कित्येक दिवस गेलं नाही. म्हणाली, “मामू, आम्हाला वर्गात ज्या स्लाइड दाखवल्या, त्यात पॅरिस होतं, लंडन होतं, जर्मनीचं बाऊहाउस होतं. आपलं सगळं शेवटच्या एका स्लाइडवर, ‘पारंपरिक हस्तकला’ म्हणून. म्हणजे त्यांनी विचार केला आणि आपल्या लोकांनी नुसतं विणलं का?”

मी तेव्हा काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण प्रश्न चुकीचा नव्हता, आणि त्याचं उत्तर दादीच्या त्या तुकड्यातच होतं. आपण फक्त तो वाचायचं विसरलो होतो.

‘मशरू’ हा शब्द अरबी ‘मशरूअ’वरून आला. अर्थ : शरिअतने मुभा दिलेलं, जायज. ज्या कापडाचं नावच मुळी ‘जायज’ आहे, ते कापड कुणीतरी प्रश्न सोडवण्यासाठी बनवलं होतं, हे उघड आहे. प्रश्न असा. पुरुषांनी निव्वळ रेशीम आणि सोनं वापरू नये, स्त्रियांना दोन्ही चालतं, अशी हदीसची शिकवण आहे. आता ज्या समाजात दरबार आहेत, सरदार आहेत, सण आणि निकाह आहेत, तिथे पुरुषाला झळाळी हवी आणि नियमही मोडायचा नाही. मार्ग काय?

इथे थोडं थांबून त्या नियमाचा बारकावा पाहायला हवा, कारण आपल्याकडे दीनच्या नावावर कपड्यांची चर्चा निघाली की ती ‘घाला’ आणि ‘घालू नका’ या दोन शब्दांत संपते. जुन्या लोकांचं तसं नव्हतं. खाजेचा त्रास होता म्हणून जुबैर बिन अव्वाम आणि अब्दुर्रहमान बिन औफ या दोन सहाबींना रसूलुल्लाह (स.) यांनी रेशमी सदऱ्याची परवानगी दिल्याची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. हजरत उमर यांच्या रिवायतीत दोन, तीन किंवा चार बोटं रुंदीची रेशमी पट्टी चालते, असा उल्लेख आहे. हजरत अस्मा बिन्ते अबू बक्र यांनी जपून ठेवलेल्या रसूलुल्लाहांच्या जुब्ब्याला रेशमी गोट होता, हीही नोंद सापडते. म्हणजे नियमाला माप आहे. चार बोटं! भाचीच्या कागदावर ‘प्रमाण’ हा शब्द होता. गळा, बाही आणि घेर यांच्या काठाला किती पट्टी शोभेल आणि किती झाली की ती पट्टी न राहता कापडच होईल, याचं हे मोजमाप बोटांनी सांगितलेलं आहे.

पुढे फिकहच्या विद्वानांनी विचारलं, रेशीम आणि दुसरा धागा मिसळला तर? हनफी पंथाचा मान्य ग्रंथ ‘हिदाया’, बुऱ्हानुद्दीन मर्गिनानी यांनी बाराव्या शतकात लिहिलेला. त्यात उत्तर आहे : ताणा रेशमाचा आणि बाणा दुसऱ्या धाग्याचा असेल तर हरकत नाही. उलट असेल, म्हणजे बाणा रेशमाचा, तर ते फक्त लढाईत. यामागचं कारण मला फार आवडतं. ते म्हणतात, मागावर नुसता ताणा लावला तर ते कापड नसतं. विणल्याने कापड होतं आणि वीण बाण्याने होते. म्हणून कापड कशाचं, हे बाणा ठरवतो. मदरशात बसून ज्याने हे लिहिलं, त्याने मागाकडे नीट पाहिलेलं होतं.

शाफई पंथाची वाट वेगळी. ते ताणा-बाणा पाहत नाहीत, तराजू पाहतात. वजनात रेशीम जास्त भरलं तर नको. आपले कोकणी मुस्लिम बहुतेक शाफई आणि दख्खनचे बहुतेक हनफी, म्हणजे एकच तुकडा राजापूरला तराजूत गेला असता आणि पैठणला भिंगाखाली. मशरूत सुताचा बाणा जाडजूड आणि रेशमाचा ताणा केसासारखा बारीक असतो, त्यामुळे दोन्हीकडे सुटायला जागा होती.

आता विणकराकडे या. विद्वानाने एवढंच सांगितलं की ताणा रेशमाचा चालेल. पण साध्या विणीत ताणा आणि बाणा एकाआड एक येतात; दोन्ही सारखेच दिसतात. तसं विणलं तर रेशमाची अर्धी चमक सुताखाली जाईल आणि सूत जागोजागी वर डोकावेल. विणकराने साटीन वीण घेतली. आठ वह्यांच्या मशरूत ताण्याचा प्रत्येक धागा सात बाण्यांवरून तरंगत जातो आणि आठव्याखाली एकदा डुबकी मारतो. पाच वह्यांचा असेल तर चारांवरून आणि एकाखालून. परिणाम असा की दर्शनी बाजूला जवळपास सगळं रेशीमच दिसतं, आणि मागच्या बाजूला, जी अंगाला लागते, तिथे जवळपास सगळं सूत. डुबकीच्या जागा मुद्दाम विखुरलेल्या असतात. त्या एकाशेजारी एक आल्या तर जीन्सच्या कापडासारखी तिरपी रेघ उठेल आणि उजेड तुटेल. विखुरल्या की डोळ्याला गाठ सापडत नाही, नुसती सलग चकाकी दिसते.

भाचीच्या कागदावरचा ‘पोत’ तो हाच. आणि ‘रेषा’? मशरूत पट्टे नेहमी उभे असतात, याचंही कारण याच विणीत आहे. रंग ताण्यात आहे, बाणा वर दिसतच नाही, मग आडवी रेघ किंवा चौकट येणार कुठून? जे शक्य नाही त्याच्या मागे न लागता विणकराने जे शक्य आहे ते शेवटपर्यंत नेलं : रुंद पट्टा, मग दोन बारीक, मग पुन्हा रुंद, पट्ट्यात ठिपके, ठिपक्यांसाठी ताणा मागावर चढण्याआधीच गाठी बांधून रंगवलेला, कुठे तेच ठिपके सरकवून केलेली लाटेसारखी खंजरी. याला कागदावर ‘लय’ म्हटलं आहे. मागावरून उतरल्यावरही काम संपत नसे. कापड धुवायचं, ओलसर असताना घडी घालून लाकडी मोगरीने ठोकायचं, गव्हाच्या पिठाची खळ द्यायची आणि दाबून चमक आणायची. गुजरातेत पाटण आणि मांडवीला हे आजच्या काळापर्यंत चालत आलं. दख्खनमध्ये औरंगाबाद, पैठण, हैदराबाद ही त्याची ठिकाणं होती. उस्मानी तुर्कांकडेही असंच कापड, त्याला ते ‘कुतनू’ म्हणतात. तो शब्द कापसाच्या अरबी ‘कुत्न’पासून आला. आपण कापडाला त्याच्या परवानगीचं नाव दिलं, त्यांनी सुताचं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण मशरूची ‘शरिअतसंमत’ गोष्ट पर्यटकांना सांगून सांगून गुळगुळीत झाली आहे. हे कापड निव्वळ मुस्लिम पुरुषांच्या अडचणीपायी टिकलं असतं, तर माझ्या दादीच्या पायजम्यात ते आलंच नसतं. तिला तर निव्वळ रेशीमही जायज होतं. कच्छच्या रबारी बायकांच्या पोशाखात मशरू आहे, राजपुतांच्या घरांत आहे. त्यांना ना हनफी माहीत ना शाफई. त्यांनी ते घेतलं कारण अर्ध्या रेशमाच्या किमतीत पूर्ण रेशमाचं रूप मिळत होतं, उन्हाळ्यात सुताची बाजू घाम टिपत होती आणि कापड वर्षानुवर्षं टिकत होतं. एका जमातीच्या नियमातून निघालेली वस्तू सगळ्यांच्या अंगावर गेली, ती ती चांगली होती म्हणून. माझ्या मते विणकराचं खरं यश हे आहे.

मशरूचा भाऊ म्हणजे हिमरू. औरंगाबादची ओळख. हे नाव फारसीतल्या ‘हमरूह’वरून, म्हणजे ‘सारखं दिसणारं’ यावरून आलं, असं मानतात. सारखं कशासारखं? किनखापासारखं. सोन्याच्या जरीचं किनखाप ज्याला परवडत नाही किंवा चालत नाही, त्याच्यासाठी सुताच्या पायावर रेशमी जादा बाण्याने उठवलेली कैरी, वेल, अनार, अननस. नक्षीचा धागा जिथे वर दिसायला नको, तिथे तो मागे सैल सोडलेला असतो. त्यामुळे मागची बाजू मऊ, भरीव होते आणि शेरवानीला थंडीत वेगळं अस्तर लागत नाही. इथेही तेच पाहा, दर्शनी बाजू आणि अंगाची बाजू यांचा एकत्र विचार.

हिमरूचे विणकर मुहम्मद बिन तुघलकाबरोबर १३२७ मध्ये दिल्लीहून दौलताबादला आले, ही कथा शहरात प्रत्येक दुकानदार सांगतो. काही कारागीर आले असतीलही. पण हा भाग तुघलकाची वाट पाहत बसला नव्हता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये पैठण आणि तेर या दोन्ही बाजारपेठा आहेत, आणि तेरहून भडोचला जाणाऱ्या मालात जाडंभरडं कापड आणि मलमल यांचा स्पष्ट उल्लेख आहे. हात इथले होते. बाहेरून वीण, नक्षी, नियम आणि गिऱ्हाईक आलं आणि दोन्ही मिळून हे कापड झालं. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली, पुढे औरंगजेबाच्या सुभेदारीत तिचं औरंगाबाद झालं, फौजा आणि सरदार आले आणि शेरवानी, जामा, शाल यांची मागणी वाढली.

आता ‘नुसतं विणलं का?’ या प्रश्नाकडे. हिमरू आणि किनखापाच्या जुन्या मागावर दोन माणसं लागत. एक खाली बसून धोटा फेकणारा, दुसरा, बहुतेकदा पोरगा, वर बसून दोऱ्या ओढणारा. कोणती दोरी केव्हा ओढायची, हे त्याला तोंडपाठ नसे. ते दोऱ्यांतच बांधून ठेवलेलं असे. त्याला ‘नक्शा’ म्हणत आणि तो बांधणाऱ्याला ‘नक्शबंद’. कागदावरची कैरी घेऊन तिचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनाला ताण्याचे किती धागे उचलायचे ते ठरवायचं आणि ते सगळं दोऱ्यांच्या जाळ्यात गाठी मारून कोरून ठेवायचं. एकदा नक्शा झाला की तीच कैरी हजार वेळा, एका धाग्याचाही फरक न पडता. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास जॅकार्डने हेच काम भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर आणलं आणि आज संगणकाच्या इतिहासाची पुस्तकं तिथून सुरू होतात. नक्शबंदाने दोरीवर लिहिलेलं कुणी वाचलं नाही.

आणि हे लोक अनामही नव्हते, निदान सगळे नव्हते. इराणात शाह अब्बासच्या काळात ख्वाजा गियासुद्दीन नक्शबंद यज्दी नावाचा माणूस होऊन गेला. तो कापडाची नक्षी रचत असे, शायरी करत असे आणि आपल्या कापडात आपलं नाव विणत असे. त्याच्या सहीचे तुकडे आजही संग्रहालयांत आहेत. चारशे वर्षांपूर्वी कापडावर सही करणारा माणूस! नक्शबंद हा शब्द आपल्याकडे बहुतेकांना सूफी सिलसिल्यामुळे माहीत असतो. बुखाऱ्याच्या हजरत बहाउद्दीन नक्शबंदांच्या नावाचा संबंधही परंपरेने कापडावरच्या नक्षीकामाशीच जोडला जातो.

शिलाईकडे वळायचं तर अबुल फजलच्या ‘आईने अकबरी’त बादशहाच्या तोशाखान्यावर वेगळं प्रकरण आहे. अकबराने तकौचिया नावाच्या हिंदुस्तानी अंगरख्याचा घेर आधी चिरलेला असायचा तो गोल करायला लावला आणि डावीकडे बांधायचे बंद उजवीकडे आणले. कपड्यांची नावंही बदलली : जाम्याला ‘सर्बगाती’, बुरख्याला ‘चित्रगुपित’, शालीला ‘परमनरम’. ही नावं टिकली नाहीत, पण बंदांची बाजू टिकली. उजवीकडे बंद मुस्लिमांचे, डावीकडे हिंदूंचे, असा पायंडा पडला आणि जुन्या चित्रांतली माणसं ओळखायला अभ्यासक आजही ती खूण वापरतात. अंगरख्याच्या आडव्या पाख्याला एक बाजू जड असते. ती तोलायला कंबरपट्टा दुसऱ्या अंगाला सोडायचा. ‘समतोल’ म्हणजे दोन्हीकडे सारखं नसतं, हे शिकवायला याहून सोपं उदाहरण नाही.

अम्मीने आयुष्यभर घरात कुर्ते शिवले. तिच्याकडून मी पाहिलेलं : पन्ह्याचा एक सरळ आयत घ्यायचा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपा कापायचा, दोन्ही तुकडे उलटे करून जोडले की दोन कळ्या होतात. चिंधी निघत नाही. काखेत एक चौकोनी तुकडा तिरका बसवायचा, चौबगला, म्हणजे हात वर केला तरी कुर्ता ओढला जात नाही. हातमागाचा पन्हा जेवढा, तेवढीच कुर्त्याची रुंदी. कापडानेच प्रमाण ठरवलेलं. आज परदेशात ‘शून्य कचरा’ म्हणून याच कापण्यावर कार्यशाळा भरतात. पन्हा, अस्तर, खिसा, पायजमा, रुमाल, शाल हे शब्द मराठीने फारसीतून घेतले आणि इतके आपलेसे केले की कोणत्याही शिंप्याला ते परके वाटत नाहीत.

मग त्या दोन याद्या आल्या कुठून? मी शोधायला लागलो आणि हाती लागलं ते भाचीला सांगितलं तेव्हा ती उडालीच.

१८३४ मध्ये ओवेन जोन्स नावाचा एक तरुण इंग्रज वास्तुकार ज्यूल गूरी या फ्रेंच मित्राबरोबर स्पेनमध्ये ग्रॅनडाला गेला. अंदलुसच्या मुस्लिम सुलतानांनी बांधलेला अल्हम्रा महाल त्यांनी मोजून काढला. गूरी तिथेच कॉलऱ्याने वारला. जोन्सने काम पुरं केलं. पुढे १८५१ मध्ये लंडनला मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं, तेव्हा क्रिस्टल पॅलेसच्या आतल्या रंगांची योजना त्याचीच होती. त्या प्रदर्शनात ईस्ट इंडिया कंपनीने हिंदुस्तानी कापड मांडलं होतं. जोन्स आणि त्याच्या मित्रांना आपल्या देशातल्या गिरण्यांचा माल बघून शरम वाटली. गालिच्यावर असे गुलाब की पाय ठेवायला माणूस बिचकावा! आणि शेजारी हे हिंदुस्तानी आणि तुर्की कापड : सपाट पृष्ठभागावर सपाट नक्षी, रंग एकमेकांना न मारणारे, रिकामी जागाही विचार करून सोडलेली. त्या प्रदर्शनातून सरकारने माल विकत घेतला, १८५२ मध्ये त्याचं संग्रहालय केलं, जे आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम आहे. त्यात वाईट डिझाइनची एक खोली होती, लोक तिला ‘भयानक खोली’ म्हणत. तिच्यात माल होता तो इंग्लंडमधल्याच कारखान्यांचा.

१८५६ मध्ये जोन्सने ‘ग्रामर ऑफ ऑर्नामेंट’ छापलं. त्याची सुरुवातच आकार आणि रंग यांच्या मांडणीच्या ३७ तत्त्वांनी होते. आत अरबी, तुर्की, मूर, इराणी, हिंदुस्तानी अशी प्रकरणं आहेत. अल्हम्रा तर त्याच्या मते नक्षीकलेचं शिखर. तिथून ही तत्त्वं काढण्याची रीत कलाशाळांत पसरली. अमेरिकेत आर्थर वेस्ली डाऊने १८९९ मध्ये आणि डेनमन रॉसने १९०७ मध्ये आपापल्या परीने यादी आखडती केली. डाऊवर जपानी चित्रांचा प्रभाव होता. १९२५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात शिकवणाऱ्या हॅरिएट आणि व्हेटा गोल्डस्टीन या बहिणींनी ‘आर्ट इन एव्हरी डे लाइफ’ लिहून सुसंवाद, प्रमाण, समतोल, लय, ठळकपणा ही तत्त्वं घर आणि कपडे यांना लावली. गृहविज्ञानाच्या पुस्तकांतून ती जगभर गेली आणि फिरत फिरत भाचीच्या वर्गातल्या झेरॉक्सवर उतरली. वाटेत अल्हम्राचं नाव गळलं, हिंदुस्तानी कापडाचं गळलं. ते शेवटच्या स्लाइडवर गेलं.

स्तुतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८६६ मध्ये जॉन फोर्ब्स वॉटसनने हिंदुस्तानी कापडाच्या नमुन्यांचे १८ खंड तयार केले. ७०० नमुने, प्रत्येक नमुना खऱ्या कापडाचा कापून चिकटवलेला. असे २० संच केले. १३ ब्रिटनमधल्या शहरांना गेले, ७ हिंदुस्तानात. हेतू लपवलेला नव्हता : इथले लोक काय नेसतात ते तिकडच्या गिरणीवाल्यांना कळावं आणि त्यांनी ते बनवून इथे विकावं. ज्या देशाच्या कलाशाळेने या कापडातून धडे घेतले, त्याच देशाच्या गिरणीने त्याचे नमुने घेतले, आणि दोन्ही गोष्टी पंधरा वर्षांच्या आत झाल्या.

पण सगळा दोष इंग्रजांवर टाकून मोकळं होता येत नाही. आपल्या अशराफ मंडळींनी हिमरूची शेरवानी मिरवली आणि ती विणणाऱ्याला ‘जुलाहा’ म्हणून पंगतीत खाली बसवलं. हा शब्द शिवीसारखा वापरला जातो हे मी लहानपणी लग्नाच्या बोलण्यांत ऐकलं आहे. स्वतः कबीर जुलाहा होते, त्यांच्या कवितेत ताणा-बाणा सगळीकडे आहे, पण कबीरांना मानणारे लोकही मुलगी देताना जात विचारत. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्तानातून उठून मालेगावला आलेल्या विणकरांनी स्वतःला मोमीन म्हटलं, अन्सारी म्हटलं. त्यांनी नावं बदलली ती हौसेने नाही. संग्रहालयात शेरवानी असते, खाली ती घालणाऱ्या नवाबाचं नाव असतं. गियासुद्दीनसारखी सही करायची मुभा आपल्या विणकरांना आपण दिली नाही, तर वर्गातल्या स्लाइडवाल्यांना ती नावं कुठून सापडणार?

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचं राज्य गेलं आणि शेरवानीचं मोठं गिऱ्हाईकही गेलं. पॉवरलूमवर छापील-विणीव नक्कल स्वस्तात मिळू लागली. मशरूत रेशमाच्या जागी रेयॉन आलं. यात एक गंमत आहे. रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून होतं, ते रेशीम नाहीच. त्यामुळे पुरुषाने निव्वळ रेयॉनचा झगमगीत सदरा घातला तरी त्या हदीसचा प्रश्न येत नाही, पॉलिस्टरचाही नाही. ज्या अडचणीतून ही वीण जन्मली ती अडचणच बाजाराने सोडवून टाकली. मग सुताची बाजू कशाला हवी? मे महिन्यात मराठवाड्यात पॉलिस्टरची शेरवानी घालून वलीम्यात दोन तास उभं राहिलेल्या नवरदेवाला विचारा.

भाचीने प्रकल्पात त्या तुकड्याचे दोन मोठे फोटो लावले, एक दर्शनी बाजूचा, एक मागचा, दोन्ही एकाच आकाराचे. मागच्या फोटोखाली तिने रेघा ओढून सात धागे आणि आठवा धागा दाखवला. शेवटी बनवणाऱ्याचं नाव लिहायचा रकाना होता. ती माझ्याकडे आली, मी अम्मीकडे पाहिलं. अम्मी म्हणाली, पैठणहून एक म्हातारा डोक्यावर गाठोडं घेऊन यायचा, दादी त्याला चाचा म्हणायची, तो स्वतः विणायचा. नाव तिलाही माहीत नव्हतं. भाचीने रकान्यात ‘पैठणचे चाचा, विणकर’ असं लिहिलं. अम्मीने तुकडा परत घेतला, ओढणीत गुंडाळला आणि पेटीत ठेवताना कडुलिंबाची नवी पानं घातली.